अजून ओटीवर

क्लासमधल्या माझ्या पहिल्याच दिवशी भोईर सरांनी मला दोन्ही हात वर करायला लावले होते. मी तिथे शिकवायला आले होते, शिकायला नाही, आणि माझ्या खांद्याला पर्स होती. दाराशेजारच्या मेन स्विचपाशी एक ठेंगणे, सावळे गृहस्थ उभे होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशाला पेनच्या जागी टेस्टर. समोर दहा-बारा मुलंमुली हात वर करून गुपचूप बसलेली. गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुमचेपन." मी पर्ससकट हात वर केले. त्यांनी डावीकडून उजवीकडे सगळ्यांचे हात एकदा नजरेखालून घातले, "लावतो हं" म्हणाले, जरा थांबले आणि मग खटका वर केला. पंखे फिरायला लागले, संगणक सुरू झाले. कुठे येऊन पडलो आपण, असं मला वाटलं ते मी आज कबूल करते.

मागच्या वर्षी सर गेले. नेहाने फोन करून सांगितलं. नेहा त्यांची विद्यार्थिनी, आता त्याच क्लासमध्ये शिकवते. बोलता बोलता ती म्हणाली की सरांनी शेवटपर्यंत रविवारची जांभूळ गावची फेरी चुकवली नाही, फक्त लॅपटॉप न्यायचं बंद केलं होतं. ते ऐकून मी फोन ठेवला आणि हातातलं काम बाजूला सारलं. लॅपटॉप न नेण्यात एवढं काय होतं, हे सांगायचं तर सरांबद्दलच सांगायला हवं.

आमचा क्लास उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, एका कापडाच्या दुकानाच्या वर होता. मालक मनोहरभाई. ते आमच्याशी हिंदीत बोलत आणि चिडले की सिंधीत. मी टायपिंग आणि ऑफिसचं काम शिकवायचे. सरांकडे आधी इलेक्ट्रॉनिक्सची बॅच होती, मग ती बंद पडली आणि त्यांनी 'गेम बनवा' नावाची बॅच सुरू केली. साठीला टेकलेला माणूस गेम शिकवणार म्हटल्यावर आम्ही सगळेच हसलो होतो. सर मूळचे मोरिवली गावातले. घरची शेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली आणि ते स्वतः त्यातल्याच एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले. पुढे तो कारखाना बंद पडला. मशीनच्या कंट्रोल पॅनेलची इंग्रजी पुस्तकं त्यांनी शब्दकोश घेऊन वाचली होती, त्याच शब्दकोशाच्या जोरावर त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी पायथन शिकून घेतलं. त्यांच्या दृष्टीने दोन्हींत फरक नव्हता. मशीन काय आणि प्रोग्राम काय, त्याला आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे माहीत पाहिजे, एवढंच ते म्हणत.

मी मुळातच घाईची बाई. विद्यार्थ्याला एखादी गोष्ट जमेना की मी त्याचा माऊस ओढून घ्यायचे आणि दोन क्लिकमध्ये काम उरकायचे. सर कधीही दुसऱ्याच्या माऊसला हात लावत नसत. मुलगा चुकीच्या जागी पाच मिनिटं घोटाळत असला तरी ते शेजारच्या स्टुलावर बसून राहत, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मला बघवायचं नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, सर, सांगून टाका ना त्याला. तर म्हणाले, "सांगनार. तो विचारंल तवा." कुठल्याही खोलीत शिरताना ते दारात उभे राहून "येऊ का" विचारत, मग ती खोली त्यांच्या स्वतःच्या वर्गाची का असेना. टपरीवरचा चहा समोर आला तरी चहावाल्याने "घ्या" म्हणेपर्यंत उचलत नसत, आणि चहावाला बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असे. कित्येकदा मीच मधे पडून "घ्या सर" म्हणायचे.

त्यांचा तो वर्ग मला खिडकीतून दिसे. एका दुपारी एका मुलाने चेंडू आणि फळीचा खेळ करून आणला होता. प्रोग्राम चालवला की चेंडू सुटायचा. मुलगा खुर्ची पुढे ओढून बोटं ठेवीपर्यंत चेंडू खाली जाऊन खेळ संपलेला. सरांनी तीनदा चालवून बघितला आणि तीनदा हरले. मग त्यांनी फळ्यावर एक घर काढलं. गावाकडचं घर, उतरतं छप्पर, पुढे ओटी, आत माजघर, मागे परस.

"पाव्हना आला की कुठं बसतो?" त्यांनी विचारलं.

मुलं उल्हासनगरची, इमारतीत वाढलेली. कोणी हॉल म्हणालं, कोणी सोफा. सरांनी ओटीवर बोट ठेवलं. पाहुणा इथे बसतो, पाणी पितो, घाम पुसतो, मग आतून कोणीतरी 'या' म्हणतं, तेव्हा तो माजघरात जातो. अंगणातून थेट चुलीपाशी कोणी जात नाही. खेळणाराही पाहुणाच आहे. त्याला आधी ओटीवर बसवा. खेळाचं नाव दाखवा, कुठलं बटण कशाला ते सांगा, आणि थांबा. तो बटण दाबेल तेव्हा माजघर, म्हणजे खरा खेळ. हरला की परस, तिथे गुण सांगायचे. आणि परसातून पुन्हा ओटीवर, म्हणजे त्याला परत खेळता येईल.

मग त्यांनी मुलांकडून एक नाव लिहून घेतलं, 'कुठे'. त्या नावात एका वेळी तीनपैकी एकच गोष्ट राहणार: ओटी, माजघर किंवा परस. प्रोग्राम सेकंदाला साठ वेळा फिरतो, आणि प्रत्येक फेरीत त्याने आधी स्वतःला विचारायचं, आपण कुठे आहोत. ओटीवर असलो तर नाव दाखव आणि बटणाची वाट बघ, बाकी काही करू नको. माजघरात असलो तरच चेंडू हलव. पुस्तकात याला गेम स्टेट म्हणतात आणि पहिल्या चित्राला इंट्रो स्क्रीन, हे मला पुढे पुण्याला नोकरी लागल्यावर कळलं. तिथल्या पहिल्या मीटिंगमध्ये मी 'ओटी' म्हणाले होते आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले.

मनोहरभाईंना ही ओटी पसंत नव्हती. सुट्टीतल्या बॅचसाठी पालकांना बोलावून मुलांचे खेळ दाखवायचे ठरले, तेव्हा ते आदल्या दिवशी येऊन सगळे खेळ बघून गेले. प्रत्येक खेळ आधी थांबून विचारतो, तयार आहात का. मनोहरभाई कापडाच्या धंद्यातले. त्यांचं म्हणणं असं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे ठाण सरकन उलगडलं पाहिजे, बसा म्हणत राहिलं तर ते शेजारच्या दुकानात जातं. "भोईरसाब, ये हटाओ. सीधा माल दिखाओ," असं त्यांनी सांगितलं. सर एरवी कोणाला नाही म्हणत नसत. त्या दिवशी म्हणाले. हे काढायचं असेल तर मी उद्यापासून येत नाही, असं इतक्या हळू आवाजात म्हणाले की मनोहरभाईंना पुन्हा विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पालकांबरोबर मनोहरभाईंची आईही जिना चढून आली. ऐंशीच्या घरातली, पांढरी ओढणी, जाड भिंगांचा चष्मा. बाकीचे खेळ कोणी ना कोणी अडवलेले, म्हणून तिला कोपऱ्यातल्या संगणकापुढे बसवलं. पडद्यावर अक्षरं होती आणि खेळ थांबलेला होता. तिला मराठी वाचता येत नव्हतं. तिने सरांना विचारलं, काय लिहिलंय. सरांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "लिखा है, आप बोलेंगे तब चालू होगा." म्हातारीने चष्मा पुसला, ओढणी सावरली, पडद्याकडे बघत बसली. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग मुलाकडे वळून, सरांनाही कळावं म्हणून हिंदीतच म्हणाली, "मनू, आज तक मुझसे पूछा किसने था?" आणि बटण दाबलं. हरली ती लगेचच, पण मनोहरभाईंनी ओटीचा विषय पुन्हा काढला नाही.

सर स्वतःही एक खेळ करत होते, हे बॅचमधल्या सगळ्यांना माहीत होतं. जुना जाड लॅपटॉप ते पाठीवरच्या पिशवीत घेऊन येत. खेळ साधा होता. नदी, काठावर एक माणूस, हातात पाग. पाग म्हणजे फेकून टाकायचं गोल जाळं. एकच बटण. दाबलं की पाग हवेत उलगडून पाण्यावर पडायचा, आणि वेळ साधली असेल तर त्यात मरळ नाहीतर कोळंबी यायची. पागाचं ते उलगडणं त्यांनी फार निगुतीने केलं होतं, एखाद्या सेकंदाच्या त्या हालचालीवर महिना घालवला असेल. पोरं विचारायची, सर, तुमचा गेम झाला का. सर म्हणायचे, "अजून ओटीवर हाय." पोरांना वाटायचं, इंट्रो स्क्रीनचं काम चाललंय. मलाही तसंच वाटायचं.

एका रविवारी लॅपटॉपचा चार्जर बिघडला आणि सरांनी मला फोन केला. मी बदलापूरला राहायचे. माझ्याकडे तसाच चार्जर होता, तो घेऊन जांभूळला यायला जमेल का, असं त्यांनी फार आढेवेढे घेत विचारलं. मी स्कूटर काढली. पाण्याच्या टाक्या मागे टाकून गावात शिरले, तर एका घराच्या ओटीवर सर बसलेले दिसले. फळ्यावर काढायचे तसलंच घर, फक्त छपरावर कौलांऐवजी पत्रा. त्यांच्याशेजारी त्यांच्याच वयाचे एक उंच गृहस्थ होते. त्यांच्या उजव्या हाताला फक्त अंगठा होता.

हे यशवंतकाका. सरांबरोबर त्याच कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर होते. बोटं तिथेच गेली. त्याआधी उल्हास नदीवर त्यांच्यासारखा पाग टाकणारा आसपासच्या गावांत नव्हता, असं त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी मला चहा देताना सांगितलं. अपघाताला आता अठरा वर्षं झाली होती. दोघे मित्र भाताबद्दल, कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होते. सरांना ते दामू म्हणत. लॅपटॉप त्यांच्या मधोमध उघडा होता. पडद्यावर नदी आणि खाली चार शब्द: तयार झालास की दाब. यशवंतकाका त्याच्याकडे अधूनमधून बघत, पण हात मांडीवरच. तासाभराने सरांनी लॅपटॉप मिटला आणि आम्ही निघालो.

निघण्याआधी उकडत होतं म्हणून यशवंतकाकांनी आत हाक मारली, आणि सुमनवहिनी स्वयंपाक सोडून ओटीवर पंखा लावायला आल्या. बटण यशवंतकाकांच्या डोक्याशीच होतं. वाटेत मी सरांना त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले की यशवंता अठरा वर्षांत कुठल्या बटणाला शिवला नाही. दिवा नाही, पंखा नाही, मिक्सर तर नाहीच. खेळाचं बटण तरी दाबेल असं वाटलं होतं. एक वर्ष झालं, दर रविवारी लॅपटॉप घेऊन जातो. मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हटलं, अहो, मग त्यांना म्हणा ना, दाब म्हणून. स्कूटरवर मागे बसलेल्या सरांनी मला पुढचा खड्डा दाखवला.

मग नेहाची चूक झाली. नेहा बॅचमधली सर्वांत हुशार मुलगी, सतरा-अठरा वर्षांची, जिभेला धार असलेली. तिने मोटारीचा खेळ केला होता. सुरुवातीचं चित्र झकास होतं, नाव, सूचना, सगळं. सरांनी ते पाहिलं, मान डोलावली, सावकाश वाचलं आणि बटण दाबलं. चित्र गेलं, आणि आत मोटार आधीच भिंतीवर आपटून जळत होती. वर्ग हसला. नेहाने चित्र लावलं होतं, पण मोटार हलवण्याआधी 'कुठे' हे विचारायचं ती विसरली होती. वर ओटीचं चित्र, आणि त्याच्यामागे खेळ सगळा वेळ चालूच.

सर हसले नाहीत. ते स्टुलावरून उठले. "बाहेरून बंद दिसतं आनि आत चालू," असं काहीतरी पुटपुटले आणि वर्ग अर्ध्यावर टाकून बाहेर गेले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मी माझी बॅच सोडून त्यांच्यामागे गेले. जिन्याच्या मधल्या वळणावर ते पायरीवर बसले होते, हात मांडीखाली दाबून. मी शेजारी बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच मी काही विचारलं नाही, म्हणूनच बहुधा ते बोलले.

कारखान्यातल्या मशीनला स्टार्टर असतो. वीज गेली की तो सुटतो, आणि वीज परत आली तरी मशीन आपणहून सुरू होत नाही, कोणीतरी येऊन हिरवं बटण दाबावं लागतं. त्या महिन्यात वीज सारखी कमीजास्त होत होती, स्टार्टर दर दहा मिनिटांनी सुटायचा, काम अडायचं. सरांनी एक वायर टाकली. त्या वायरमुळे स्टार्टर सुटायचा बंद झाला. शनिवारी टाकली, नवीन सामान आलं की सोमवारी काढायची होती. शनिवारीच दुपारी वीज गेली, मशीन थांबलं. यशवंतकाकांनी अडकलेला तुकडा काढायला हात घातला. वीज आली, आणि मशीनला आपण थांबलोय हे माहीतच नव्हतं.

"सगळे त्याला उचलून गाडीत घालत व्हते," सर म्हणाले. "मी मागं राहिलो. आनि साहेब यायच्या आधी ती वायर काढून खिशात घातली."

चौकशीत लिहिलं गेलं की कामगाराने मशीन बंद न करता हात घातला. यशवंतकाकांनी ते मान्य केलं. मशीन बंद करायचं लाल बटण आपण दाबलं होतं की नव्हतं, हे त्यांना कितीही आठवलं तरी आठवेना. अठरा वर्षं ते हेच धरून बसले होते की आपल्या हाताचा भरवसा नाही. आणि सर अठरा वर्षं दर रविवारी त्यांच्या ओटीवर बसून भाताबद्दल बोलत होते.

मला राग आला. तो सरांचा होता, खोटं का बोलू. मी ज्यांना साधा माणूस म्हणत होते त्यांनी मित्राची बोटं जाताना वायर खिशात घातली, हे मला गिळवेना. दोन-तीन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनाही ते कळलं होतं, आणि त्यांनी तक्रार केली नाही.

नेहाने दोन दिवसांत तिचा खेळ दुरुस्त करून आणला. मग तिला वाटलं, आपल्यामुळे सर दुखावले, त्यांच्या खेळाचं अडलेलं आपण बघून द्यावं. यशवंतकाका बटण दाबत नाहीत एवढंच तिला ठाऊक होतं. सरांच्या परवानगीने तिने लॅपटॉप उघडून सगळा कोड ओळ न ओळ वाचला. मी तिथेच होते. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "सर, तुमची ओटी एकदम करेक्ट आहे. बटण दाबेपर्यंत आत काहीच हलत नाही. मग अडतंय कुठे? दुसरं काही चालू राहिलंय का, कोडच्या बाहेर?"

पोरीने निव्वळ तांत्रिक शंका काढली होती. सरांनी मांडीखालचे हात बाहेर काढले, त्यांच्याकडे बघितलं. "राहिलंय," म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, रविवारी मला जांभूळला सोडाल का.

तो माझा बदलापूरमधला शेवटचा रविवार. पुण्याची नोकरी मिळाली होती, घरी सामान बांधून झालं होतं, सोमवारी पहाटे निघायचं होतं. दिवाळी होऊन गेली होती, पाच वाजताच ऊन उतरायला लागायचं. यशवंतकाकांच्या अंगणात पेंढा रचलेला होता. मी स्कूटर आंब्याखाली लावली आणि सर म्हणाले म्हणून तिथेच थांबले. पण ओटी काही लांब नव्हती, सगळं ऐकू येत होतं.

सरांनी लॅपटॉप उघडून ठेवला. पडद्यावर नदी आली, चार शब्द आले. यशवंतकाकांनी सवयीने भाताचा विषय काढला. सर म्हणाले, आज भाताचं नको.

"यशवंता, तू लाल बटण दाबलं का नाय, त्यानं काय फरक पडत नव्हता. लाइट गेली व्हती. ते मशीन बंदच राहाया पायजे व्हतं. मी स्टार्टरला वायर टाकली व्हती, म्हनून ते सुरू झालं. तुझी चूक नाय. माझी हाय."

यशवंतकाकांनी विचारलं, "चौकशीत वायर कशी घावली नाय?"

"मी काढली."

"कुनी सांगितलं काढाया?"

"कुनी नाय."

यशवंतकाका उठले. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी डाव्या मुठीत धरला होता. ते आत गेले. दार त्यांनी लावलं नाही, उघडंही टाकलं नाही, अर्धवट लोटलं. सर होते तिथेच बसून राहिले.

पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मी ओटीपाशी जाऊन हळूच म्हटलं, सर, निघू या का. त्यांनी मान हलवली. "त्यानं बस म्हटलं नाय, जा म्हटलं नाय. मंग मी आपलाआपन कसा उठू?" मी परत आंब्याखाली गेले. खरं सांगते, त्या वेळी माझा राग कधी गेला मला कळलं नाही. अठरा वर्षं त्या ओटीवर येऊन जो माणूस कधी आत गेलाच नव्हता, तो आज पहिल्यांदा तिथे नीट बसला होता. मला फार भीती वाटत होती की आतून 'जा' येईल.

सुमनवहिनी एकदा बाहेर आल्या, डोळे सुजलेले. पाण्याचा तांब्या सरांजवळ ठेवला आणि 'घ्या' न म्हणता आत गेल्या. सरांनी त्याला हात लावला नाही. लॅपटॉपचा पडदा विझून गेला, तोही त्यांनी जागा केला नाही. अंधार पडत चालला. शेजारच्या घरांत दिवे लागले, या घरात लागले नाहीत. ओटीवर सरांचा पांढरा शर्ट तेवढा दिसत होता.

मग दार उघडलं आणि यशवंतकाका उंबऱ्यात उभे राहिले. बटणांची पाटी दाराच्या चौकटीशेजारी होती. रोज या वेळी तिथे सुमनवहिनी येत. आज त्या त्यांच्या मागे आत उभ्या होत्या, पुढे आल्या नाहीत. यशवंतकाकांनी उजवा हात वर उचलला, तो पाटीपर्यंत नेला आणि तिथे थांबवला.

"दामू," ते म्हणाले, "लावू का?"

सरांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, पार ताठ, तळवे पुढे, जसे आम्हाला करायला लावायचे तसे.

"लाव."

दिवा लागला. ओटीवर एकदम उजेड झाला आणि मला सर दिसले, मान खाली घातलेले, हात वर धरलेले. यशवंतकाका अंगठा बटणावर तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत होते. आत ये असं ते अजून म्हणाले नव्हते, हात खाली घे असंही म्हणाले नव्हते, आणि सर तसेच बसून होते. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही आणि नंतर कधी विचारलंही नाही. मी स्कूटरची चावी फिरवली नाही. ती ढकलत गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत नेली आणि तिथे जाऊन सुरू केली.